खिचडी वाटण्याआधी किराणावाल्याची उधारीची वही बघा

प्रश्न असा आहे: नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका सोसायटीतले वीसेक जण दर रविवारी रामकुंडावर खिचडी वाटतात. महिन्याला चाळीस हजारांपर्यंत वर्गणी जमते. आता त्यांना ‘आपल्या भागात कुणी उपाशी झोपू नये’ म्हणून लोकांनी मिळून रोजचं अन्नछत्र किंवा कोपऱ्यावर सामुदायिक फ्रिज सुरू करायचा आहे, आणि दोन्हींतलं काय बरं, असं त्यांनी विचारलंय. जवळच बांधकामाची मोठी साईट आणि एक जुनी वस्ती आहे, असंही लिहिलंय.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते, आधी पेठ-सुरगाण्याकडे आणि नंतर शहरात. निवृत्तीनंतर बचत गटांच्या बायकांबरोबर रेशन आणि धान्यकोशाचं, म्हणजे पाड्यावरच्या सामायिक धान्यसाठ्याचं, काम करते. त्यावरून सांगते: दोन्ही नको. निदान सुरुवातीला तरी नको.

गाडगेबाबांनी ज्या गोदाकाठी धर्मशाळा उभी केली, तिथल्या अन्नदानाला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. पण रामकुंडावर वाटणारे पुष्कळ आहेत. अमावस्येला, एकादशीला, कुणाच्या वर्षश्राद्धाला तिथे एकाच माणसाच्या हातात तीन-तीन द्रोण येतात, आणि सिंहस्थात तर अन्नछत्रांची रांगच लागते. तुम्ही ज्यांच्यासाठी काही करू म्हणता, ते बहुतेक रामकुंडावर येतच नाहीत. ते तुमच्या सोसायटीच्या मागच्या साईटवर पत्र्याच्या खोलीत राहतात, सकाळी कामावर जातात, संध्याकाळी चूल पेटवतात. ते ‘उपाशी’ दिसत नाहीत. भात असतो, त्यावर मीठ-मिरची असते. डाळ आठवड्यातून एखाद्या दिवशी. पोराला सकाळी चहा-टोस आणि दुपारी पाच रुपयांचा बिस्किटपुडा. आई सगळ्यांच्या मागून जेवते, भांड्यात उरलं तर. तेव्हा खरा प्रश्न असा आहे, की या घरांत कोणत्या महिन्यात, कशामुळे आणि कोणाच्या ताटात कमी पडतं. ते कळल्याशिवाय पातेलं चढवू नका.

कळणार कसं? फॉर्म घेऊन दारोदार फिरू नका. फॉर्म दिसला की माणसं एकतर घाबरतात किंवा काहीतरी मिळणार म्हणून वाटेल ते सांगतात. वस्तीच्या तोंडाशी जो किराणावाला असतो, त्याच्या बाकावर दोन-चार संध्याकाळी बसा. दहा रुपयांचं सुटं तेल पिशवीत गाठ मारून कोण नेतं, एकच अंडं कोण मागतं, चहापत्तीची पुडी रोज कोण घेतं, हे आपोआप दिसतं. त्याच्याकडे उधारीची वही असते. एखाद्या नावापुढे आकडा वाढत जातो आणि मग त्या नावाची नोंदच थांबते, कारण उधारी बंद झालेली असते. पहिल्यांदा जायचं ते घर ते. दुकानदार वही दाखवणार नाही, दाखवूही नये, पण ‘काका, सध्या ओढाताण कुणाची आहे?’ एवढं विचारलं तर चार नावं सांगतो. त्या घरी गेल्यावर ‘तुम्ही उपाशी राहता का?’ असं कधीही विचारू नका. कोणीही नाहीच म्हणेल. ‘काल रात्री कालवण काय होतं?’ असं विचारा. आणि ते बाईला विचारा, गड्याला नको. त्याला बऱ्याचदा ठाऊकच नसतं.

आता काळाचं. नाशकातल्या मजुरीवर जगणाऱ्या घरांच्या टंचाईला महिने ठरलेले असतात आणि ते समजले की तुमची वर्गणी तिप्पट उपयोगी पडते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडची माणसं घ्या. त्यांचा भात आणि नागली (नाचणी) दिवाळीच्या आगेमागे घरात येते. तेव्हाच दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीपासून कामं चालू असतात, मग विरळणी, मग काढणी, उन्हाळ्यात खरड छाटणी. हे महिने हातात पैसा असतो. जूनमध्ये माणसं आवणीसाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, गावी परततात. आवणी उरकली की घरातलं धान्य संपलेलं, नवं यायला दिवाळी, शेतात मजुरी नाही आणि पाऊस तर तिकडे धो धो. आषाढ-श्रावण-भाद्रपद हे त्या पट्ट्यातले अवघड महिने. टाकळा-कुर्डूची रानभाजी असते, पण भाजी कशाशी खायची? आदिवासी विकास महामंडळाची खावटी, म्हणजे खाण्यापुरतं दिलेलं कर्ज, याच महिन्यांसाठी होती. २०२० साली कोरोनात सरकारने कुटुंबाला चार हजारांचं खावटी अनुदान जाहीर केलं, निम्मं रोख आणि निम्मं वस्तूरूपात, तेही याच हिशेबाने.

शहरातही पावसाळा वाईटच. स्लॅबची कामं रखडतात. पेठ नाक्यावर सकाळी नऊनंतर जो उभा दिसतो, त्याला त्या दिवशी मजुरी नाही असं समजा. त्यात जूनमध्ये वह्या-दप्तरांचा खर्च येतो. म्हणून माझं म्हणणं, चाळीस हजार दर महिन्याला सारखे खर्च करू नका. वर्षाचे चार लाख ऐंशी हजार होतात. त्यातले बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घातले तर शंभरेक कुटुंबांना दरमहा हजार-हजार रुपयांचं सामान जाईल. तेच पैसे वर्षभर पातळ केले तर कुणालाच पुरणार नाहीत.

पण सामानाच्याही आधी रेशन. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण वर्गणीने कधी मिळणार नाही इतकं धान्य इथे अडकलेलं असतं.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य, आणि अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे पूर्ण मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षांसाठी ते तसंच चालू ठेवलंय. पाच माणसांचं घर म्हणजे महिन्याला २५ किलो. अशी वीस घरं तुम्ही मार्गी लावलीत तर महिन्याला ५०० किलो, आणि तुमच्या खिशातून दमडी न जाता, महिन्यामागून महिना. तुमच्या रविवारच्या खिचडीची याच्याशी तुलना करून बघा.

मग घरं सुटतात कुठे? सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं, म्हणून सासरच्या कार्डावर चढत नाही. मूल तीन वर्षांचं झालं तरी जन्मदाखला काढलेला नसतो. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलेली असते, म्हणून नाव थांबतं. सिमेंट-विटांच्या कामाने बोटं घासलेली असतात आणि रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन ठसा घेत नाही. आजीला दुकानापर्यंत चालवत नाही. यातल्या प्रत्येकाला उपाय आहे: बोट नाही चाललं तर डोळ्यांच्या स्कॅनची किंवा ओटीपीची सोय आहे का ते विचारायचं, वृद्ध-अपंगांसाठी नॉमिनी, म्हणजे त्यांच्या वतीने धान्य आणणारा, नेमता येतो, ई-केवायसी आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होते. पण हे सगळं करायला एक दिवसाची मजुरी बुडते, आणि मजुरी बुडणं परवडत नाही म्हणूनच काम राहिलेलं असतं. इथे तुमचे वीस जण उपयोगी. निवृत्त बँकवाले, शिक्षिका, कॉलेजची पोरं यांनी कागद जमवायचे, अर्ज भरायचे, धान्य वितरण कार्यालयात खेप घालायची. सहीसाठी माणूस लागेल तेव्हाच त्याला बोलवायचं, आणि त्या दिवसाचा रोज वर्गणीतून द्यायचा. मला हा खर्च सगळ्यांत सार्थकी लागलेला वाटतो, देणगीदारांना मात्र तो पटवून द्यावा लागतो.

साईटवरच्या कुटुंबांचं आणखी सोपं आहे. कार्ड सुरगाण्याचं असो, मध्य प्रदेशचं असो की बिहारचं, अन्न सुरक्षा योजनेतलं असेल तर धान्य इंदिरानगरच्या रास्त भाव दुकानातही मिळतं. ‘एक देश एक रेशन कार्ड’ची सुरुवातच ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांपासून झाली. नवं कार्ड लागत नाही, गावचं रद्द करावं लागत नाही. कार्डाचा नंबर किंवा आधार सांगायचा, अंगठा द्यायचा. गावी म्हातारे आई-बाप असतील तर इथे थोडं आणि तिथे थोडं असंही घेता येतं. अडचण येते ती दुकानदाराची: ‘बाहेरच्यांचा माल आला नाही’ असं तो म्हणतो. त्याच्याशी भांडत बसू नका. तुमच्यातले दोघं जण शांतपणे सोबत उभे राहिले, की निम्म्या वेळा माल सापडतो. नाहीच सापडला तर १९६७ या हेल्पलाईनवर तक्रार, आणि तक्रारीचा नंबर टिपून ठेवणं. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत नेऊ नका, तेव्हा साठा खरंच संपलेला असू शकतो.

ज्यांना धान्याचं कार्डच मिळत नाही त्यांचं काय? इथे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी खोटी आशा दाखवणार नाही. प्राधान्य कुटुंबासाठी शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये, ग्रामीण भागात ४४,००० रुपये. हिशेब करा: चारशे रुपये रोजाने वर्षातले १४८ दिवस काम मिळालं की शहरातली मर्यादा ओलांडली. आणि वर इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, भरला असेल तर पात्र घरालाही थांबावं लागतं. मर्यादा जुनी झालीय हे कुणीही सांगेल. ती बदलेपर्यंत अशी घरं तुमच्या यादीत वरती पाहिजेत, कारण त्यांना दुसरं कुणी नाही: केशरी कार्ड हातात आहे, धान्य मिळत नाही, आणि गरीब म्हणून कुणी मोजतही नाही.

रेशनवर मिळतं ते गहू-तांदूळ, कधी त्यात ज्वारी. पोट भरतं, पण डाळ-तेलाचं काय? म्हणून तुमचा हजाराचा संच धान्याचा नको. दोन किलो तूरडाळ, दोन लिटर तेल, किलोभर शेंगदाणे, गूळ, आणि ठेवायची सोय असेल तर अंड्यांचा एक ट्रे. हे आजच्या भावाने हजाराच्या आतबाहेर बसतं. तुमच्यात अंड्यावरून वाद होतील. होऊ द्या, पण निर्णय खाणाऱ्या घरांवर सोडा.

लहान मुलं आणि गरोदर बाया हा माझ्या नोकरीचा विषय, म्हणून थोडं त्यावर. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना, गरोदर मातांना आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत स्तनदा मातांना अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच ताजा शिजवून. कामासाठी आलेल्या कुटुंबाच्या मुलांनाही सामावून घ्यायचं असतं. ती अंगणवाडीपर्यंत येत नाहीत, कारण साईटवरून कुणी सोडणारं नसतं. रोज सकाळी चार पोरांचा हात धरून त्यांना अंगणवाडीत नेऊन सोडणारी एक आजी तुमच्या सोसायटीत निघाली तर ते अन्नछत्राच्या बरोबरीचं काम आहे. सेविकेशी गोडीने बोला. तिच्याकडे रजिस्टरांचा आणि मोबाईलवरच्या नोंदींचा डोंगर असतो, तपासनीस म्हणून गेलात तर दार बंद होईल. तिच्याकडे दंडघेर मोजायची पट्टी असते, लाल-पिवळी-हिरवी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ मध्यम. पावलांवर बोट दाबून खड्डा राहत असेल तर दंडघेर कितीही असो, धोका. अशा मुलाला तुमचा लाडू-खजूर नको, सरळ दवाखाना किंवा पोषण पुनर्वसन केंद्र. तीव्र कुपोषित मुलाला घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालणं त्याच्या जिवावर बेतू शकतं.

आता शिजवलेलं अन्न. ते कधीच नको असं नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना, बाळंतीण असलेल्या घराला, सिव्हिलमध्ये पेशंटजवळ बसलेल्या बाहेरगावच्या नातेवाइकांना, गोदावरीला पूर येऊन काठावरची घरं हलवली जातात तेव्हा, तयार डबाच लागतो. त्याआधी जवळ शिवभोजन केंद्र चालू आहे का बघा. २६ जानेवारी २०२० ला ही योजना सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. तिथे पोहोचवणं जमत असेल तर स्वतःचं स्वयंपाकघर कशाला?

सामुदायिक फ्रिजला माझा विरोध आहे, आणि तो चवीपुरता नाही. फ्रिजमध्ये कुणी काय, कधी ठेवलं याची जबाबदारी कुणाचीच नसते. गंगापूर रोडच्या लॉन्सवर रात्री साडेअकराला पंगत उठते, भात तोवर चार तास बाहेर असतो, तो तुमच्या फ्रिजमध्ये येतो आणि सकाळी कुणी पोराला भरवतो. भातातल्या बॅसिलस सिरियस जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. लग्नातलं अन्न उचलायचंच असेल तर पंगतीला न लागलेल्या, झाकलेल्या पातेल्यातलं, वाफाळतं असतानाच, आणि दोन तासांच्या आत पोटात जाईल अशा ठिकाणी. पनीर, बासुंदी, दही घालून केलेलं काही घेऊ नका. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत. नोंदणी करा आणि अन्न कुठून, किती वाजता घेतलं, कुठे दिलं याची वही ठेवा. गरिबाला शिळं चालतं, असं तुमच्यापैकी कुणी म्हणालं तर त्याला वाटपाच्या कामातून बाजूला करा.

भाजीचं मात्र नाशकात वरदान आहे. पंचवटीच्या मार्केट यार्डात पालेभाज्यांचा भाव कोसळला की कोथिंबीर-मेथीच्या जुड्या तिथेच टाकून शेतकरी घरी जातो, टोमॅटोचं तर विचारूच नका. तो माल फुकट मागू नका. त्या दिवशी जो भाव असेल त्याला दोन रुपये चढवून विकत घ्या. त्याच्या घरीही उधारीची वही असतेच.

इथवरचं आवरून सांगायचं तर: आधी घरं आणि महिने ओळखा, मग रेशन-अंगणवाडी जोडा, वर्गणी पावसाळ्यात डाळ-तेलावर घाला, शिजवलेला डबा फक्त ज्यांच्याकडे चूल पेटवणारं कुणी नाही त्यांना.

राहिला धान्यकोश, कारण तुम्ही ‘लोकांनी मिळून’ असं लिहिलंय आणि मिळून करण्याचा माझ्या पाहण्यातला सगळ्यांत टिकाऊ प्रकार हाच. पाड्यावरच्या बायका सुगीत घरटी ठरलेलं भात किंवा नागली एका कोठीत जमा करतात. आषाढात ज्याला लागेल तो दहा किलो नेतो आणि पुढच्या सुगीला अकरा किंवा साडेबारा परत घालतो. किती, ते गट ठरवतो. सावकाराकडे जावं लागत नाही आणि कुणापुढे हात पसरल्यासारखंही होत नाही, कारण आपलंच धान्य आपण नेतो. कोठी पत्र्याची हवी, धान्य कडक वाळवलेलं, आत कडुनिंबाचा पाला. भुंगे लागले की दोन वर्षांचा विश्वास एका पावसात जातो. कुलपाच्या दोन किल्ल्या, दोन वेगळ्या भावकीतल्या घरांत. नोंदवहीचं वाचन महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर, मोठ्याने. त्यात कोणाकडे किती बाकी आहे हेही वाचलं जातं, आणि ते ऐकायला खुद्द बाकीदार हजर असतो.

हे तुमच्या साईटवर चालणार नाही, स्लॅब झाला की कुटुंब पांगतं. जुन्या वस्तीत चालेल, पण वेगळ्या रूपात. तिथे सुगी नाही, पगार आहे. दहा-बारा घरांनी आठवड्याला पन्नास-पन्नास रुपये काढून डाळ-तेल घाऊक आणायचं, आणि अडलेल्या घराने त्यातून उसनं घ्यायचं. तुमची वर्गणी सुरुवातीचं भांडवल म्हणून घालता येते, मात्र एकदाच. दर महिन्याला घालत राहिलात तर बायका आपले पन्नास काढणं बंद करतील, आणि त्यांची काही चूक नसेल.

कारभार कोणाच्या हातात, यावर बहुतेक गट फुटतात. यादीत कोण बसेल हे सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये ठरवू नका. समितीत निम्म्याहून जास्त वस्तीतल्या बायका हव्यात, आणि बैठक त्यांच्या वेळेला, म्हणजे भांडी घासून झाल्यावर रात्री नऊला, वस्तीतच. त्या तुमच्यापेक्षा कडक निघतात. दारुड्याच्या घराला सामान द्यायचं का, यावर तुम्ही तासभर वाद घालाल. त्या सांगतील, ‘सामान सासूच्या हातात द्या.’ फोटो काढू नका. देणगीदारांना पावत्या दाखवा, चेहरे नकोत.

तुमची रविवारची खिचडी लगेच बंद करा असं म्हणत नाही. वीस माणसं दर आठवड्याला एकत्र येतात, ही सवय मोडली तर पुन्हा लागत नाही. त्यातले पाच जण येत्या रविवारी रामकुंडाऐवजी साईटवर पाठवा, रिकाम्या हाताने. कुटुंबं कोणत्या तालुक्यातली किंवा राज्यातली, किती जणांकडे रेशन कार्डाचा निदान फोटो तरी मोबाईलमध्ये आहे, सहा वर्षांखालची मुलं किती, एवढं विचारून या आणि इथेच लिहा. सुरगाणा-पेठची निघाली तर त्यांच्या गावाकडे धान्यकोश आहे का ते मी विचारून सांगते. परराज्यातली निघाली तर आधी त्यांचं कार्ड आपल्याकडच्या मशीनवर दिसतं का, तिथून सुरू करू.